नुकसानभरपाईची पात्रता ठरते कशी?

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाडा आणि सोलापूर परिसराला पुराने झोडपून काढले. सीनाकाठची गावे पाण्याखाली गेली, उभी पिके सडली, घरांच्या भिंती खचल्या, शेतांतील माती खरवडून गेली. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य सरकारने ३१ हजार ६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. एवढा मोठा आकडा वाचला की प्रश्न मार्गी लागला, असे शहरी वाचकाला वाटते. प्रत्यक्षात घोषणा आणि आपत्तीग्रस्ताच्या खात्यात जमा होणारी रक्कम यांच्या दरम्यान अनेक चाळण्या असतात. एकेकाळी या चाळण्या तलाठ्याच्या दप्तरात होत्या. आता त्यांतील बऱ्याचशा संगणकात गेल्या आहेत. पात्र कोण आणि अपात्र कोण, याचा निवाडा माणसाइतकाच संगणकही करू लागला आहे.

मदत आणि भरपाई

बोलीभाषेत आपण ‘नुकसानभरपाई’ म्हणत असलो, तरी शासनाच्या लेखी ही ‘मदत’ असते. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार स्थापन झालेल्या राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून ती दिली जाते. महाराष्ट्रासारख्या राज्यासाठी या निधीत केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के असतो. दर केंद्र सरकार ठरवते; राज्याला स्वतःच्या तिजोरीतून त्यात भर घालता येते.

२०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीच्या निकषांनुसार पूर्णपणे पडलेल्या घरासाठी सपाट भागात १ लाख २० हजार, तर डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये देय होते. किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घरासाठी ६,५००, कच्च्या घरासाठी ४,०००, झोपडीसाठी ८,००० आणि गोठ्यासाठी ३,००० रुपये असा दर होता. शेतीसाठी पिकाचे किमान ३३ टक्के नुकसान आवश्यक होते. दोन हेक्टरांच्या मर्यादेत कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये मिळत. ही रक्कम संसार पुन्हा उभा करण्यासाठी नसून, कोसळलेल्या माणसाला तात्पुरता आधार देण्यासाठी आहे. म्हणूनच ती वेळेवर मिळणे अधिक महत्त्वाचे ठरते.

पहिली चाळणी पावसाची

महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाला, तर राज्यात ती अतिवृष्टी मानली जाते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘महावेध’ प्रकल्पातून दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. त्यामुळे पावसाची नोंद माणसाच्या हातातून यंत्राकडे गेली. मात्र एका मंडळात अनेक गावे असतात आणि पाऊस मंडळाची हद्द पाहून पडत नाही. केंद्र असलेल्या गावात ६० मिलिमीटर आणि पाच कोसांवरच्या शिवारात ढगफुटी, असे घडले तर आकडा शेतकऱ्याच्या विरोधात जातो.

मोठा पाऊस एका दिवसात न पडता रोज थोडाथोडा पडत राहिला तरी पीक पिवळे पडते. ही अडचण ओळखून २०२३ मध्ये राज्याने ‘सततचा पाऊस’ ही आपत्ती म्हणून मान्य केली. सलग पाच दिवस दररोज किमान १० मिलिमीटर पाऊस हा तिचा एक निकष आहे. त्याच्या जोडीला उपग्रहावरून मोजला जाणारा पिकांच्या हिरवेपणाचा निर्देशांकही घेण्यात आला.

पंचनामा

नुकसानीचा मूळ पुरावा मात्र आजही पंचनामाच आहे. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक (पदनामे अलीकडे बदलली असली तरी गावात हीच नावे रूढ आहेत) संयुक्त पाहणी करतात. पीक किती टक्के गेले, घर पूर्ण पडले की अंशतः, हे तेथेच ठरते. हे काम जलद व्हावे म्हणून २०२३ मध्ये नागपूर विभागात ई-पंचनाम्याचा प्रयोग करण्यात आला. त्यात शेतकऱ्याने मोबाइलवरून दिलेली माहिती आणि छायाचित्रे यांची उपग्रहीय नकाशाशी सांगड घालण्याची कल्पना होती.

घराच्या बाबतीत आणखी एक अट आहे. पडलेले बांधकाम अधिकृत असल्याचे सक्षम प्राधिकाऱ्याने प्रमाणित करावे लागते. गावठाणातील अनेक घरांना पिढ्यान्‌पिढ्या ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदीपलीकडे कागदच नव्हता. २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या ‘स्वामित्व’ योजनेत ड्रोनने गावठाणे मोजून मिळकत पत्रिका दिल्या जाऊ लागल्या, त्यामागील एक गरज हीच होती. गायरानावर घर बांधून राहणाऱ्यांचा प्रश्न यातून सुटत नाही. पुराचे पाणी त्यांच्या घरातही तेवढेच शिरते.

संगणक काय तपासतो?

शेतीच्या मदतीसाठी पंचनामे झाले की तहसील कार्यालयातून लाभार्थींची यादी शासनाच्या संगणक प्रणालीवर चढवली जाते. नाव, गाव, गट क्रमांक, बाधित क्षेत्र, आधार क्रमांक असा तपशील त्यात असतो. प्रत्येक लाभार्थ्याला विशिष्ट क्रमांक मिळतो. तो घेऊन सेवा केंद्रात जायचे, अंगठा लावून ओळख पटवायची, म्हणजे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात रक्कम थेट जमा होते. २०२५ मध्ये राज्याने शेतीच्या मदतीसाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक केला. त्याच वर्षीच्या पुरानंतर हा क्रमांक असलेल्यांना वेगळ्या ई-केवायसीतून सूट देण्यात आली.

या व्यवस्थेचे लाभ नाकारता येणार नाहीत. धनादेशाची वाट पाहणे संपले, रकमेला मधल्या मध्ये पाय फुटणे कमी झाले. पण संगणकाला जुळणारी अक्षरे हवी असतात, आणि आपल्या नोंदी तशा जुळत नाहीत. सातबारावर एक नाव, आधारवर दुसरे. वडील वारले पण वारसनोंद झाली नाही. सामाईक खात्यात चार भावांची नावे आणि संमतीपत्रावर एकाची सही नाही. कष्टाने झिजलेल्या बोटांचे ठसे उमटत नाहीत. आधार जोडलेले खाते बंद पडले आहे. यांपैकी एकही गोष्ट नुकसान झाले नाही असे सिद्ध करत नाही, तरी प्रत्येक गोष्ट रक्कम थांबवू शकते. बटाईने शेती कसणाऱ्याचे तर सातबारावर नावच नसते. घाम त्याचा आणि मदत मालकाला, हा जुना अन्याय संगणकाने तसाच पुढे चालवला आहे.

संगणक काय पाहत नाही?

नेमके याच्या उलट चित्र जालना जिल्ह्यात दिसले. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत २०२२ ते २०२४ या काळातील अनुदान वाटपात बनावट नावे, दुबार नोंदी आणि वाढवलेले क्षेत्र यांच्या आधारे सुमारे २५ कोटी रुपयांचा अपहार झाल्याचे प्रशासनाच्या चौकशीत समोर आले. कर्मचाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली आणि २०२५ मध्ये गुन्हाही दाखल झाला. पैसे संगणक प्रणालीतूनच गेले. आधार खरे होते, खाती खरी होती. खोटे होते ते नुकसान.

प्रणालीची मर्यादा येथेच स्पष्ट होते. पैसे घेणारा तोच आहे ना, एवढे ती पाहते. त्याची जमीन खरोखर पाण्याखाली गेली का, हे तिला यादी चढवणाराच सांगतो. त्यामुळे खरा आपत्तीग्रस्त स्पेलिंगमध्ये अडकू शकतो आणि बनावट लाभार्थी निर्धोक पार होऊ शकतो. यावर उपाय म्हणजे गावात याद्यांचे जाहीर वाचन, नाकारलेल्या प्रत्येक नावापुढे कारणाची नोंद आणि ठरावीक मुदतीत सुनावणी. अपात्र ठरलेल्याला ‘पोर्टल घेत नाही’ हे उत्तर पुरेसे नाही. निर्णयाची जबाबदारी अधिकाऱ्याचीच राहिली पाहिजे.

आपत्तीग्रस्ताने काय करावे?

पाणी ओसरताच घर, गोठा व शेताची छायाचित्रे काढून ठेवावीत. पंचनामा होण्यापूर्वी पडझड हटवणे शक्यतो टाळावे आणि पंचनाम्याची प्रत मागावी. यादी ग्रामपंचायतीत किंवा तलाठी कार्यालयात पाहून नाव, क्षेत्र आणि विशिष्ट क्रमांक तपासावा. नाव नसल्यास तहसीलदारांकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. उत्तर न मिळाल्यास माहितीचा अधिकार कायदा, २००५ नुसार कारण विचारता येते. वारसनोंद, आधारवरील नावाची दुरुस्ती आणि बँक खात्याची जोडणी ही कामे मात्र पावसाळ्यापूर्वीच उरकावीत. शहरात राहणाऱ्या ज्या वाचकांचे आई-वडील अजून गावी आहेत, त्यांनी पुढच्या सुट्टीत घरचा सातबारा आणि आधार शेजारी ठेवून एकदा पाहावेत. पूर आल्यावर हे काम करायला वेळ मिळत नाही.