मॅट्रिक, हायब्रीड आणि कृषी विद्यापीठ



परवा नातीने तिच्या बारावीच्या निरोप समारंभाचे फोटो दाखवले. मुलींच्या साड्या, मुलांचे कोट, मागे फुग्यांची कमान. बघून झाल्यावर तिने विचारलं, "आजोबा, तुमच्या वेळी असं काही होतं का हो?"

म्हटलं, "होतं ना! एक पेढा आणि मुख्याध्यापकांचं पाऊण तास भाषण. पेढ्याची चव आजही आठवते, भाषणातलं एक वाक्य आठवत नाही."

ती हसली आणि मोबाइल घेऊन निघून गेली. मी मात्र तिथेच बसून राहिलो आणि १९६७-६८ सालात जाऊन पोचलो. अमरावतीत राहायला लागून मला आता जन्म झाला, पण मॅट्रिक केलं ते अकोल्याला. तर आज त्या वर्षाची गोष्ट.

आजच्या मुलांना सांगावं लागतं की तेव्हा शाळा अकरावीपर्यंत होती. दहावीची पहिली परीक्षा १९७५ सालची. आमच्या अकरावीचं कागदोपत्री नाव काहीही असो, घरीदारी तिला मॅट्रिकच म्हणत. मूर्तिजापूर तालुक्यातलं आमचं गाव. तिथे 'मॅट्रिकले हाय' असं म्हटलं की पोरगा आजारी असल्यासारखे लोक हळू आवाजात बोलायचे. घरी गेलो की आई दुधावरची साय माझ्या ताटात वाढायची आणि धाकटा भाऊ जळून खाक व्हायचा. बहिणीला मात्र चौथीनंतर शाळा नव्हती आणि सायही नव्हती. हे तेव्हा कोणाला खटकलं नाही, मलाही नाही. आज खटकतं.

अकोल्यात आम्ही तिघे एका खोलीत राहायचो. सामान म्हणजे तीन वळकट्या, एक स्टोव्ह, एक कंदील आणि घरून आलेलं ज्वारीचं पोतं. एक जण भाकरी थापायचा, एक चून रांधायचा आणि तिसरा भांडी घासायचा. भाकरी थापणारा माझा बाकावरचाही सोबती. त्याचं नाव इथे लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. आपण त्याला नुसतं दोस्त म्हणू. त्याची भाकर गोल कधी झालीच नाही. भूगोलाचा अभ्यास आम्ही तिच्यावरच करायचो. एक दिवस ऑस्ट्रेलिया, दुसऱ्या दिवशी आफ्रिका!

पहाटे अभ्यासाला उठायचं म्हणून आम्ही एक गजराचं घड्याळ मागून आणलं होतं. आवाज मोठा यावा म्हणून ते पितळी गंजात ठेवायचो. गजर झाला की शेजारचे काका उठायचे, समोरची म्हातारी उठायची, गल्लीतली कुत्री उठायची. आम्ही तिघे सोडून सगळी गल्ली पहाटे चारला जागी असे. आठवडाभरात घरमालकांनी ते घड्याळ स्वतःच्या ताब्यात घेतलं आणि वर सांगितलं, "पोट्टेहो, नापास झाले तरी चालन, पन मले झोपू द्या."

ते दिवस टंचाईचे होते. १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षं देशात पाऊस दगा देऊन गेला होता. रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो मिळायचा. त्याची भाकर गिळताना पाण्याचा तांब्या जवळ ठेवावा लागे. नवी संकरित ज्वारीही तेव्हाच शेतात येऊ लागली होती. 'हायब्रीड' हा शब्द आम्ही पुस्तकात वाचण्याआधी ताटात बघितला. ती पिकायची भरपूर, पण गावरान ज्वारीची चव तिला नव्हती. त्यामुळे वर्गात जो दिसायला धष्टपुष्ट आणि अभ्यासात फिका, त्याचं नाव आपोआप 'हायब्रीड' पडायचं. आमच्या वर्गात असे निदान सात-आठ तरी होते. मीही त्यांच्यात होतो की नाही, हे मात्र विचारू नका!

इंग्रजीच्या सरांनी एकदा भाषांतराला वाक्य दिलं, 'पाऊस आला असता तर पीक आले असते.' वर्ग चिडीचूप. सरांनी दोस्ताला उभं केलं. तो बराच वेळ छताकडे बघत राहिला आणि म्हणाला, "सर, पाऊस तं आलाच नाई. मंग भाषांतर कायचं करता?" सर फळ्याकडे वळले. रागावले असं आम्हाला वाटलं, पण त्यांचे खांदे हलत होते. सर हसत होते.

आणि त्याच वर्षी, ऑगस्ट १९६७ मध्ये, कृषी विद्यापीठाचं आंदोलन पेटलं.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. राज्यात कृषी विद्यापीठ काढायचं घाटत होतं आणि ते कुठे व्हावं यावरून ओढाताण सुरू होती. पश्चिमेकडे राहुरीचं नाव होतं, आमच्याकडे अकोल्याचं. अकोल्यात कृषी महाविद्यालय आधीपासून होतं आणि भोवती कापसाचा सगळा मुलूख. वऱ्हाडचे पंजाबराव देशमुख १९५२ पासून दहा वर्षं देशाचे कृषिमंत्री होते. १९६५ साली ते गेले. त्यांच्या मुलखाला कृषी विद्यापीठ नाही, ही गोष्ट लोकांना लागली होती. मुख्यमंत्री वसंतराव नाईकही विदर्भातलेच, पुसदचे. त्यामुळे अपेक्षा जास्त आणि रागही जास्त.

आम्हा पोरांना यातलं किती कळत होतं? खरं सांगू का, शाळा सुटली याचाच आनंद आधी झाला. आम्हीही मोर्चात घुसलो. घोषणा देऊन देऊन घसे बसले. गर्दीत चालता चालता दोस्ताने माझा सदरा ओढला आणि कानात विचारलं,

"लेका, पन कृषी विद्यापीठ म्हंजे असते काय बे?"

मी तोऱ्यात सांगितलं, "तथी शेतीची डिग्री भेटते."

त्याने चार पावलं विचार केला. "म्हंजे माह्या बापाले भेटन का? चाळीस वर्सं झाले थो शेतीच करून राह्यला."

आजूबाजूचे चार-पाच जण खो खो हसले. एवढ्या गंभीर मोर्चात हसतात म्हणून एका मोठ्या माणसाने आम्हाला झापलंही.

पण ते हसू फार टिकलं नाही. त्याच आंदोलनात विदर्भात गोळीबार झाला आणि माणसं गेली, तरुण पोरं गेली. बातमी गल्लीत आली त्या संध्याकाळी खोलीत स्टोव्ह पेटला नाही. आम्ही तिघे कंदील बारीक करून बसलो होतो. सकाळपर्यंत जी गंमत होती, ती गंमत नव्हती हे कळायला तेवढी एक रात्र पुरली.

दोन-तीन दिवसांनी माझे बाबा येऊन उभे राहिले. बरोबर दोस्ताचे वडीलही होते. दोघेही रात्रभर झोपलेले दिसत नव्हते. बाबांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, हातपाय जागेवर आहेत याची खात्री केली आणि मग एक सणसणीत ठेवून दिली. त्यानंतर पिशवीतून आईने दिलेले लाडू काढले. आमच्या पिढीला बापाचं प्रेम याच क्रमाने मिळायचं.

दोघांनाही गावी नेलं. महिनाभर मी वावरात निंदण-डवरणाला होतो. शाळा सुरळीत झाल्यावर बाबांनी मला परत आणून सोडलं. दोस्त परत आला नाही. त्याच्या वडिलांनी एवढंच म्हटलं, "एकच पोरगा हाय मले. मॅट्रिक नाई झाला तं मरनार नाई." त्यांच्याशी वाद घालायला कोणाचं तोंड उघडलं नाही. खोलीत भाकरीचं काम माझ्याकडे आलं. माझी भाकर गोल व्हायची, पण जेवताना कोणी हसत नसे.

मार्च १९६८ मध्ये परीक्षा झाली. पहिल्याच पेपरला पेन गळलं आणि सदऱ्याच्या खिशावर शाईचा मोठा डाग पडला. शुभ म्हणून आईने तो सदरा पुढचे सगळे पेपर धुऊ दिला नाही. निकाल तेव्हा वर्तमानपत्रात नंबरांनी छापून यायचा. गावात पेपर एकच यायचा आणि निकालाचं पान माझ्यापर्यंत पोचेस्तोवर त्यात कोणीतरी भजी बांधून नेली होती. बाबा सायकल मारत मूर्तिजापूरला गेले, चष्मा विसरले, आणि दुसऱ्याच कोणाचा तरी नंबर बघून मी पास झाल्याचं सांगत आले. पेढे वाटून झाल्यावर संध्याकाळी मी स्वतः जाऊन बघितलं. पास होतो, पण दुसऱ्या रकान्यात! ते पेढे कोणाचे होते ते देव जाणे.

त्या पेढ्यांतला एक दोस्ताला नेऊन दिला. तो तेव्हा तुरीच्या पेरणीची तयारी करत होता. त्याने पेढा खाल्ला, हात धोतराला पुसला आणि म्हणाला, "कॉलेजात गेला तं भाषांतर शिकून घेजो."

मी पुढे अमरावतीला बी.ए.ला आलो. राहुरीचं विद्यापीठ १९६८ साली स्थापन झालं आणि २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्याला पंजाबराव कृषी विद्यापीठ सुरू झालं. ती बातमी मी अमरावतीच्या खोलीत वाचली. खोलीतल्या मित्रांनी जल्लोष केला. मला मात्र सदरा ओढणारा हात आठवला. पुढे १९७२ साली परभणी आणि दापोलीलाही विद्यापीठं झाली. म्हणजे एकाऐवजी चार झाली. आधीच हे सुचलं असतं तर? असो. 'पाऊस आला असता तर' याच जातीचं वाक्य आहे हे.

निवृत्त झाल्यावर एकदा अकोल्याच्या शिवार फेरीला गेलो होतो. विद्यापीठ शेतकऱ्यांना स्वतःच्या शेतातली पिकं, नवे वाण दाखवतं, तिला शिवार फेरी म्हणतात. कापसाच्या एका ताटव्यापाशी गर्दी होती. मधे एक पागोटेवाला म्हातारा कॉलेजच्या पोरांना बोंड उघडून धागा कसा बघायचा ते दाखवत होता. पोरं वहीत उतरवून घेत होती. आवाज ऐकला आणि मी गर्दीत शिरून त्याचा सदरा ओढला.

त्याने वळून बघितलं. क्षणभर थांबला. मग त्या पोरांना म्हणाला, "हा मॅट्रिक झालेला हाय बरं, इचारा याले काई."

मग आम्ही बांधावर बसलो. गोळीबारात गेलेल्यांची आठवण निघाली. तो म्हणाला, "थे पोट्टे गेले म्हून हे उभं हाय. आपन दोघं तं हासून राह्यलो होतो." थोडा वेळ दोघेही काही बोललो नाही. मग मी विचारलं, "तुझ्या बापाला मिळाली का रे शेवटी डिग्री?"

"नाई," तो म्हणाला, "पन याइचं बियानं पेरलं त्यानं. मराच्या आधी दोन सालं बम पिकलं."

नातीला हे सगळं सांगायचं राहून गेलं. आता इथे लिहिलं आहे, कधीतरी वाचेल.