देवळाबाहेरची उपासना

ज्युबिली हा शब्द मूळचा इब्री. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात इस्राएल लोकांस आज्ञा झाली की, पन्नासावे वर्ष पवित्र मानावे, शिंग फुंकून त्याची द्वाही फिरवावी, जमिनीस विसावा द्यावा आणि बंधनात पडलेल्यांस आपापल्या घरी परत जाऊ द्यावे. पुढे 1300 साली पोप आठवे बोनिफास ह्यांनी रोम नगरीत पहिले पवित्र वर्ष पाळविले, आणि तेव्हापासून हा शब्द ख्रिस्तसभेत कायमचा रुजला. आता ज्युबिली म्हटली की आपल्याकडे देवळास रंग लागतो, घंटा घासूनपुसून लखलखीत होते, पताका लागतात, आणि एक पुस्तक निघते. त्या पुस्तकात कोनशिला कोणी बसविली, कोणते धर्मगुरू कोणत्या साली आले व कोणत्या साली गेले, ह्याची यादी असते. यादी असावीच. परंतु ज्या धर्मग्रामाचा इतिहास एवढ्या यादीतच संपतो त्या धर्मग्रामाविषयी मनात एक प्रश्न उभा राहतो : उद्या धर्मगुरू गेले आणि देऊळ पडले, तर मागे काय उरेल?

हा प्रश्न काल्पनिक नव्हे. आपल्या महाराष्ट्रात आणि आपल्या लोकांच्या वाट्यास तो प्रत्यक्ष आलेला आहे, आणि एकदाच नव्हे. ख्रिस्ती उपासनेचे जीवन जगणे म्हणजे काय, ह्याचे उत्तर धर्मशास्त्राच्या ग्रंथांत आहेच; तथापि ज्या काळी उपासनेचे बाह्य आधार नाहीसे झाले त्या काळाच्या इतिहासात ते अधिक स्पष्ट दिसते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम वसईकडे पाहू. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला. पोर्तुगीज अधिकारी गेले, त्यांच्यासह युरोपियन पाद्रीही गेले. किल्ल्यातील ती भव्य देवळे, सेंट जोसेफचे प्रधान मंदिर, फ्रान्सिस्कनांचे सेंट अँथनीचे देऊळ, येशूसंघीयांचे मंदिर, आज भग्नावस्थेत आहेत. छपरे नाहीत, भिंतींवर पिंपळ उगवले आहेत. राजाश्रयाने आलेला धर्म राजाश्रयाबरोबरच जाईल असे त्या वेळी कोणी भाकीत केले असते तर त्यास वेडा म्हणता आले नसते. पण तसे घडले नाही. धर्मग्रामे एतद्देशीय पाद्र्यांच्या हाती आली; आणि गावोगाव, आळीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या क्रुसापाशी, सायंकाळच्या घंटेला टोपली खाली ठेवून केलेल्या देवदूताच्या प्रार्थनेत आणि रात्रीच्या जेवणापूर्वी आजीने सांगितलेल्या जपमाळेत उपासना चालूच राहिली. लग्नाची गाणी कुपारी व वाडवळी बोलीत होती, तशीच राहिली. किल्ल्यातील देवळे पडली, गावातील कुटुंबे पडली नाहीत. 1998 साली वसई हे स्वतंत्र धर्मप्रांत झाले, ते ह्याच कुटुंबांच्या जोरावर.

ह्या वसईचा एक पुत्र होता गोन्सालो गार्सिया. सोळाव्या शतकाच्या मध्यावर तेथे जन्मलेला, किल्ल्यातील येशूसंघीयांपाशी शिकलेला, जपानात धर्मशिक्षक म्हणून काम केलेला, मधल्या काळात व्यापारात शिरलेला, आणि अखेर मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झालेला. तो पाद्री नव्हता. मिस्साबलिदान अर्पण करण्याचा अधिकार त्यास कधीच नव्हता. जपानी भाषा उत्तम येत असल्यामुळे दुभाषी म्हणून तो पुन्हा जपानात गेला, आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीच्या टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर खिळला गेला. 1862 साली पोप नववे पायस ह्यांनी त्या सव्वीस जणांस संतपद दिले. इतके आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असते. ह्यानंतरची हकीकत मात्र आपल्या प्रवचनांत क्वचितच ऐकू येते, आणि तीच आपल्या विषयाशी अधिक निगडित आहे.

1614 साली जपानात ख्रिस्ती धर्मावर सर्वत्र बंदी आली. पाद्री हद्दपार झाले किंवा मारले गेले. सतराव्या शतकाच्या मध्यानंतर देशात एकही धर्मगुरू उरला नाही. दोनशेहून अधिक वर्षे तेथील खेड्यांत ना मिस्सा, ना पापनिवेदन, ना महागुरू. लोकांनी काय केले? त्यांनी कामे वाटून घेतली. एकाने पंचांग सांभाळावयाचे, म्हणजे नाताळ कधी, उपवासकाळ कधी, कोणत्या दिवशी काम बंद, हे मोजून सांगावयाचे. दुसऱ्याने पाण्याचा माणूस व्हावयाचे, म्हणजे बालकांस बाप्तिस्मा द्यावयाचा. प्रार्थना तोंडपाठ करून बापाने मुलास द्यावयाच्या. लॅटिन व पोर्तुगीज शब्द पिढ्यान्पिढ्या झिजत गेले, पण थांबले नाहीत. पुढे परदेशीयांसाठी नागासाकीस ओउरा येथे एक देऊळ बांधले गेले, आणि 17 मार्च 1865 रोजी उराकामी गावाची काही माणसे, त्यांत बायका, दाराशी येऊन उभी राहिली. आत फादर पेतिजाँ नावाचे फ्रेंच धर्मगुरू होते. आमचे अंतःकरण तुमच्या अंतःकरणासारखेच आहे, असे त्यांना हळूच सांगून त्या माणसांनी पवित्र मरीयेची मूर्ती कोठे आहे, असे विचारले. ते ओउराचे देऊळ कोणास अर्पण केलेले होते? नागासाकीच्या सव्वीस हुतात्म्यांस. म्हणजे त्यांत आमचा वसईचा गोन्सालोही आला. एका पाद्री नसलेल्या वसईकराच्या नावाच्या देवळात, पाद्र्यांवाचून दोन शतके जगलेली ख्रिस्तसभा उजेडात आली. हा योगायोग म्हणावा की दैवी योजना, हे वाचकांनी ठरवावे.

दुसरे उदाहरण आपल्या भाषेचे आहे. इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यास आले आणि पुढे चाळीस वर्षे, मरेपर्यंत, बहुतेक काळ सासष्टीत राहिले. त्यांनी पाहिले की नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली, पण पुराण ऐकण्याची भूक सुटली नाही. खरे सांगावयाचे तर ती सुटू नये, हेच त्यांच्या थोर बुद्धीस उमगले. आपल्या ग्रंथाच्या आरंभी त्यांनी एका ब्राह्मणाच्या मुखाने ही मागणीच घातली आहे. मग त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांत जगाच्या उत्पत्तीपासून प्रभू येशूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा मराठीत रचली, आणि 1616 साली ती राचोल येथे छापली गेली. हेच ख्रिस्तपुराण. रविवारी व सणावारी ते देवळांत वाचले जाई. 1649 व 1654 साली ते पुन्हा छापले गेले.

आता येथे एक नवल पाहावे. ह्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज कोठे असल्याचे ज्ञात नाही. 1684 साली गोव्याच्या व्हाइसरॉयने देशी भाषेविरुद्ध हुकूम काढला आणि लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावे असे फर्माविले. पुढे 1759 साली येशूसंघीयांचीही पोर्तुगीज मुलखांतून हकालपट्टी झाली. छापखान्याने जे निर्माण केले ते अशा रीतीने नाहीसे झाले. तरी ख्रिस्तपुराण आज आपल्या हाती आहे, ते कशामुळे? घराघरांत लोकांनी हाताने नकलून घेतलेल्या पोथ्यांमुळे. अशा पोथ्यांवरून 1907 साली जोसेफ साल्दाना ह्यांनी मंगळूर येथे ते रोमन लिपीत छापले, आणि 1956 साली शांताराम बंडेलू ह्यांनी पुण्यात देवनागरीत आणले.

मंगळूरचे नाव आले म्हणून तेथील लोकांच्या बंदिवासाचे स्मरण करणे भाग आहे. 1784 साली, राखेच्या बुधवारी, टिपू सुलतानाने कानडा प्रांतातील ख्रिस्ती लोकांस धरून श्रीरंगपट्टणास नेले. हजारो गेले, वाटेत व बंदीत असंख्य मेले. 1799 साली श्रीरंगपट्टण पडले तेव्हा उरलेले परतले. मंगळूरकडील परंपरा सांगते की, त्या पंधरा वर्षांत त्यांची उपासना ज्या थोड्या गोष्टींवर तगली त्यांत ख्रिस्तपुराणाच्या ओव्या होत्या. हे आश्चर्य नव्हे. पोथी काढून घेता येते. पाठ झालेली ओवी काढून घेता येत नाही. लॅटिन प्रार्थनांचा अर्थ ज्यांना कळत नव्हता त्यांनाही दुःखभोगाची ओवी कळत होती, कारण ती त्यांच्या जात्यावरच्या आवाजात होती. उपासना जगावयाची असेल तर ती प्रथम घरातल्या भाषेत उतरावी लागते, हे स्टीफन्सने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या साडेतीनशे वर्षे आधी ओळखले. परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी पवित्र उपासनेविषयीचे संविधान घोषित करून लोकभाषांस उपासनेत द्वार उघडले, तेव्हा आपल्या वाडवडिलांस काही अगदीच नवे वाटावयाचे कारण नव्हते.

तिसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे. जुन्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन येशूसंघीयांनी राहुरी तालुक्यातील केंदळ व आसपासच्या गावी कार्य आरंभिले. गावे पुष्कळ, पाद्री मोजके, वाहन म्हणजे घोडा किंवा बैलगाडी. म्हणून प्रत्येक गावी एक मास्तर असे. तो दिवसा मुलांस मुळाक्षरे शिकवी, सायंकाळी कंदील टांगून गावकऱ्यांकडून प्रार्थना म्हणवून घेई, मरणोन्मुख माणसाजवळ बसे, आणि पाद्री येईतो बालकास संकटकाळी बाप्तिस्माही देई. 1914 साली महायुद्ध पेटले. पाद्री जर्मन आणि सरकार इंग्रजांचे. त्यांस स्थानबद्ध करण्यात आले आणि 1916 साली बहुतेकांची जहाजाने रवानगी झाली. पुण्याचे महागुरू हेन्री डोरिंग हेही जर्मनच. त्यांस 1921 साली रोमने जपानात हिरोशिमास पाठविले आणि 1927 साली ते पुण्यास परत आले. जपान व महाराष्ट्र ह्यांचा काही तरी ऋणानुबंध असावा! पुढे स्विस, स्पॅनिश व देशी धर्मगुरू आले. पण दरम्यानच्या अडचणीच्या काळात त्या खेड्यांतील कंदील विझले नाहीत, ह्याचे श्रेय त्या मास्तरांस आणि त्यांच्या पत्नींस द्यावयास हवे. दलित म्हणून गावकुसाबाहेर राहणाऱ्या, दुष्काळाने पिचलेल्या लोकांनी हे केले. त्यांच्याजवळ गमावण्यासारखे देऊळही बहुधा नव्हते.

ह्या सर्वांचा सातपुड्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. आपले नंदुरबार 1998 सालापासून स्वतंत्र जिल्हा झाले आणि 1987 साली स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात मोडते. अक्कलकुवा तालुक्यातील काठीचा मुलूख हा पूर्वीच्या खानदेशातील मेहवासी संस्थानांपैकी एक; डोंगराच्या सोंडांवर विखुरलेले पाडे, पावसाळ्यात अडणाऱ्या वाटा. तेथील राजवाडी होळी सर्वत्र प्रसिद्ध आहे. नवस केलेली माणसे त्या दिवसांत पथ्ये पाळतात, खाटेवर निजत नाहीत, कमरेस घुंगरू बांधून, मोरपिसांचा टोप घालून रात्रभर नाचतात. उंच बांबूचा दांडा हातांनी उभारतात आणि पहाटे होळी पेटते. त्या विधींची आणि आपल्या उपासनेची गल्लत करण्याचे कारण नाही. तथापि ख्रिस्ती माणसाने त्यांतून एक गोष्ट निरखावी : तेथे उपासना म्हणजे तासाभराचे काम नव्हे, ती अन्नात आहे, निजण्यात आहे, पायांत आहे. ज्या भिल्ल बांधवांस व्रत म्हणजे काय हे शरीराने ठाऊक आहे, त्यांच्यापुढे आपण रविवारची एक घटका ठेवून त्यासच ख्रिस्ती उपासना म्हणू, तर ते आपणांस मनात हसतील. आणि त्यात चूक आपलीच असेल. इसवी सन 304 मध्ये आफ्रिकेतील अबितीना गावच्या एकोणपन्नास ख्रिस्ती जणांस रविवारी एकत्र जमल्याबद्दल पकडले, तेव्हा रविवारच्या यज्ञावाचून आम्हांस जगताच येत नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी न्यायाधीशास दिले. त्यांच्या रविवारास आठवड्याचे उरलेले सहा दिवस चिकटलेले होते, म्हणूनच तो प्राणापेक्षा मोलाचा झाला. आणि मिस्साबलिदानाची थोरवी ह्या सर्वांनी कमी लेखली असेही कोणी समजू नये. उराकामीची माणसे दोन शतके धर्मगुरूंचीच तर वाट पाहत होती.

भाषेचा प्रश्नही येथे पुन्हा उभा राहतो. पाड्यावरच्या घरात बोली भिली आहे. मराठी ही शाळेची, बाजाराची, कचेरीची भाषा. सासष्टीत जे स्थान पोर्तुगीजचे होते तेच स्थान येथे नकळत मराठीस मिळू नये. आईने निजताना बाळाच्या कपाळावर क्रुसाची खूण करून जे शब्द उच्चारावयाचे ते तिच्या स्वतःच्या बोलीत असतील तरच ते नातवापर्यंत पोहोचतील. हे आम्ही मराठीच्या अभिमानानेच लिहीत आहो.

रोमनेही ह्या वाटेस मान्यता दिलेली आहे. 1964 साली परिषदेने कुटुंबास घरगुती ख्रिस्तसभा म्हटले. 2 जून 1988 रोजी, जेथे रविवारी धर्मगुरू पोहोचू शकत नाहीत तेथे लोकांनी एकत्र येऊन शास्त्रवाचन व प्रार्थना कशी करावी, ह्याची मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. उराकामीच्या पंचांग सांभाळणाऱ्यास आणि केंदळच्या मास्तरास ती वाचावयास मिळाली नाही. त्यांनी ती आधीच आचरिली होती.

आपल्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत बालकाचे नाव असते, आईबापांचे असते, धर्मपित्याचे व धर्ममातेचे असते, संस्कार देणाऱ्या धर्मगुरूंची सही असते. त्या बालकास पहिली प्रार्थना कोणी शिकविली, ह्यासाठी रकाना नसतो. ज्युबिलीच्या पुस्तकात मात्र त्यास जागा करता येईल. ज्यांस आपल्या पाड्यावरील किंवा गल्लीतील अशा वृद्ध स्त्रीपुरुषांची नावे आठवत असतील त्यांनी ती ह्या वर्षातच लिहून काढावी, आणि त्या प्रार्थनांचे शब्द ज्या बोलीत होते त्याच बोलीत उतरवून घ्यावेत. कारण ते ज्यांस पाठ आहेत अशी माणसे आता थोडी उरली आहेत.