व्रणावर सुई : एका उपचाराची शंभर वर्षं

लग्नसराई जवळ आली की मुलींच्या तोंडी हल्ली एक नवा शब्द येतो, मायक्रोनीडलिंग. बारीक सुया टोचून मुरुमांचे खड्डे आणि जुने व्रण कमी करायचे, असा हा उपचार. तो आला कुठून, हे आज पाहू.

सुई आणि कातडीचं नातं आपल्याला नवं नाही. आपल्या आज्यांच्या हातावर, कपाळावर गोंदण असायचंच. पण सुईने व्रण कमी होतो, हे कळायला बराच काळ गेला.

1905 साली जर्मनीतले त्वचारोगतज्ज्ञ अर्न्स्ट क्रोमायर यांनी दातांच्या डॉक्टरांकडचं फिरतं यंत्र घेऊन व्रणाची कातडी वरून घासायला सुरुवात केली. यात वरचा थरच निघायचा, त्यामुळे जखम मोठी व्हायची. पुढे 1995 मध्ये न्यूयॉर्कच्या ऑरेनट्राइक पितापुत्रांनी दाखवलं की खड्ड्याला आतले धागे खाली ओढून धरतात. सुई आत घालून ते धागे तोडले की खड्डा वर येतो.

खरी गंमत कॅनडातल्या माँट्रियलमध्ये झाली. डॉ. कामिराँ आणि डॉ. दूसे पांढरे व्रण झाकायला गोंदणाच्या यंत्राने कातडीच्या रंगाचं गोंदण करत. वर्ष-दोन वर्षांत तो रंग उडून गेला, पण व्रण मात्र सुधारलेला दिसला! म्हणजे गुण रंगाचा नव्हता, टोचण्याचा होता. मग त्यांनी रंगाशिवाय नुसत्या सुया टोचून पाहिल्या आणि 1997 मध्ये ते लिहून ठेवलं.

असं का होतं? बारीक छिद्र पडलं की शरीर ती जखम भरायला धावतं आणि कोलॅजन नावाचं प्रथिन तयार करतं. त्याने खड्डा हळूहळू भरतो. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनचे डॉ. डेस्मंड फर्नांडिस यांनी यासाठी सुया लावलेला छोटा रोलर वापरला. 2009 मध्ये श्रीनगरच्या डॉ. इम्रान मजीद यांनीही चेहऱ्यावरच्या खड्ड्यांवरचे आपले अनुभव प्रसिद्ध केले.

पण मैत्रिणींनो, या इतिहासाचं एक काळं पानही आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात, परवाना नसलेल्या एका सौंदर्यकेंद्रात, एकदाच वापरायचं साहित्य पुन्हा वापरलं जात होतं. तिथे सुयांचा उपचार घेतलेल्या काही स्त्रियांना एचआयव्हीची लागण झाली. 2018 पासून त्याची चौकशी चालली. सुंदर दिसण्याच्या आशेने गेलेल्या बायकांच्या पदरी जन्माचा आजार आला.

म्हणून पैसे भरण्याआधी, बचत गटातून कर्ज काढण्याआधी तर नक्कीच, हे विचारा : उपचार त्वचारोगतज्ज्ञ करणार का? सुया नव्या, आपल्यासमोर पाकीट फोडून काढणार का? किती वेळा यावं लागेल आणि एकूण खर्च किती? एका खेपेत खड्डे जात नाहीत, महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने अनेकदा जावं लागतं. चेहऱ्यावर पिकलेले मुरूम असतील किंवा जखमेचा व्रण फुगून वाढत असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि घरी मागवलेला रोलर बहिणी-बहिणींनी, जावा-जावांनी मिळून कधीही वापरू नका.

व्रण असणं हा काही दोष नाही. उपचार घ्यायचाच असेल, तर विचारून घ्या.