हरकतीचा मुद्दा : उपस्थित करण्याची वेळ

सभागृहाच्या नियमांचा, किंवा त्याच्या कामकाजाचे नियमन करणाऱ्या संविधानातील अनुच्छेदांचा भंग होत असल्याचे अध्यक्षांच्या निदर्शनास आणून त्यावर त्यांचा निर्णय मागण्याचा सभासदाचा अधिकार. लोकसभेच्या ३७६ व्या नियमान्वये तो त्या क्षणी सभागृहापुढे असलेल्या कामासंबंधीच बजावता येतो; एक काम संपून दुसरे सुरू होण्याच्या दरम्यान बजावावयाचा, तर अध्यक्षांची अनुमती लागते व विषयही सुव्यवस्थेचा वा कामकाजाच्या क्रमाचाच असावा लागतो; आणि प्रस्ताव मतास टाकला जात असताना तर हरकत मुळीच चालत नाही.

हा दंडक जाचक वाटला, तरी त्याचे खरे गांभीर्य संविधानाच्या १२२ व २१२ या अनुच्छेदांशी ताडून पाहिल्यावाचून कळत नाही. कार्यपद्धतीतील कथित अनियमिततेच्या सबबीवर संसदेच्या वा राज्य विधिमंडळाच्या कामकाजाच्या वैधतेला न्यायालयात आव्हान देता येत नाही; म्हणून संख्येने दुबळ्या असलेल्या पक्षाला नियमांचे जे संरक्षण आहे, ते त्याने वेळीच उठून मागितले तरच त्याच्या पदरी पडते. गणसंख्येची उणीव मात्र बैठकीत केव्हाही दाखविता येते. २८८ सभासदांच्या महाराष्ट्र विधानसभेत २९ जण हजर नसतील, तर बैठक तहकूब अथवा स्थगित करणे हे अध्यक्षांचे कर्तव्यच ठरते.

योग्य वेळेचे मोल १९२९ साली दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात दिसले. कम्युनिस्ट व कामगार पुढाऱ्यांवरील मेरठ कटाचा खटला न्यायप्रविष्ट असता सार्वजनिक सुरक्षितता विधेयकावर त्या खटल्याला स्पर्श न करता चर्चा होणे अशक्य, ही अडचण अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल यांनी चर्चा पुढे जाण्यापूर्वीच सरकारपुढे मांडली आणि ११ एप्रिल रोजी त्या विधेयकावरील प्रस्ताव नियमबाह्य ठरविला. सरकारला अखेर वटहुकूमाचा आश्रय घ्यावा लागला.

वेळेचा हाच दंडक विधिमंडळाबाहेरही उपयोगी पडतो. पुण्यातील सदाशिव पेठेत साहित्य परिषद, इतिहास संशोधक मंडळ अशा सभासदांच्या संस्था आहेत. अशा कोणत्याही संस्थेच्या वार्षिक सभेत नोटिशीची मुदत अपुरी असल्याची हरकत सभा सुरू होताच, व इतिवृत्तातील चूक ते कायम होण्यापूर्वी दाखवावी, हेच उचित. ताळेबंद मंजूर झाल्यावर उठणाऱ्याचे म्हणणे सहसा ऐकले जात नाही. तथापि त्या सभासदाला धर्मादाय आयुक्तांकडे अथवा दिवाणी न्यायालयात दाद मागण्याची वाट उरते. आमदाराला केवळ कार्यपद्धतीच्या चुकीसाठी तशी वाट नाही.