एक जीन, चार वाटा

लहान बाळाची टाळू तेलाने भरायची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. साधारण दीड वर्षात कवटीची हाडं जुळत येतात आणि ती मऊ जागा बुजते. पण काही जणांची टाळू वर्षानुवर्षं उघडीच राहते. त्यांची कॉलरबोन अर्धवट असते किंवा नसतेच, त्यामुळे दोन्ही खांदे छातीसमोर जवळजवळ टेकवता येतात. बाकी माणूस ठणठणीत! पिअर मारी आणि पॉल सँतों या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये या आजाराला नाव दिलं. तो आनुवंशिक आहे हेही त्यांनी ओळखलं. कारण सापडायला मात्र ९९ वर्षं लागली.

आणि सापडलं ते कसं, तर एकदम चार बाजूंनी. ३० मे १९९७ च्या 'सेल' या नियतकालिकाच्या एकाच अंकात चार शोधनिबंध आले, चारही एकाच जीनवर.

ओसाकाच्या तोशिहिसा कोमोरींच्या गटाने उंदरांमधून हा जीन काढून टाकला. तोपर्यंत या जीनचा संबंध रक्तातल्या टी-पेशींशी असावा असा अंदाज होता. पिल्लं जन्मली आणि लगेच श्वास न घेता येऊन मेली. बघतात तर काय, सांगाडा जागच्या जागी, पण सगळा कूर्चेचा! हाड नावालाही नाही. लंडनच्या गटालाही हेच दिसलं. शिवाय जीनची एकच प्रत गेलेल्या उंदरांमध्ये हुबेहूब मारी-सँतोंचा आजार होता. स्टेफान मुंडलोस यांच्या गटाने रुग्णांच्या कुटुंबांमधून सुरुवात केली आणि सहाव्या गुणसूत्रावर ते याच जीनपाशी पोचले. जेरार्ड कार्सेंटींचा गट उलट दिशेने आला. ऑस्टिओकॅल्सिन हे हाडातलं प्रथिन. त्याचा जीन चालू करायला कोणतं प्रथिन त्याच्यावर येऊन बसतं, हे शोधताना त्यांना हाच जीन मिळाला.

प्रत्येक गटाची वाट वेगळी, त्यामुळे नावंही वेगवेगळी पडली होती. पुढे फळमाशीच्या 'रंट' जीनवरून रन्क्स-२ हे नाव रूढ झालं.

मग कूर्चेचा सांगाडा तरी कसा बनला? ते खातं सॉक्स-९ या दुसऱ्या जीनकडे आहे. कूर्चेच्या पेशी घडवायला तो लागतोच, हे १९९९ मध्ये सिद्ध झालं. म्हणजे बहुतेक हाडांचा आधी कूर्चेचा साचा होतो आणि मग रन्क्स-२ च्या हुकमाने तिथे हाड येतं. कवटीच्या छताला मात्र असा साचा नसतो, तिथे थेट हाडच बनतं.

मला यातली सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे ती एक प्रत. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना दोन कॉपी दिसल्या की एक बॅकअप आहे असंच वाटतं. बऱ्याच जीन्सच्या बाबतीत ते खरंही असतं. इथे तसं नाही, दोन्ही प्रती पूर्णवेळ कामावर असतात. एक गेली की हात, पाय, पाठीचा कणा कसंबसं निभावून नेतात आणि कमतरता उघडी पडते ती कवटी आणि कॉलरबोनमध्ये. दोन्ही गेल्या तर पहिला श्वाससुद्धा घेता येत नाही, कारण त्यासाठी बरगड्या टणक असाव्या लागतात.