नरकाचा पत्ता

भागवताच्या पाचव्या स्कंधातील २६ व्या अध्यायात परीक्षित शुकाला विचारतो: नरक हे पृथ्वीवरचेच काही प्रदेश आहेत, त्रैलोक्याबाहेर आहेत, की मधल्या अवकाशात? सात दिवसांत मरण ठरलेल्या राजाला हा पत्ता हवासा वाटणे स्वाभाविक आहे. शुक सांगतो: दक्षिणेस, भूमीच्या खाली, पाण्याच्या वर. मग २१ नावे येतात आणि त्यांत आणखी सात घालून संख्या २८ होते. जी संख्या अशी वाढवता येते, तिच्या मुळाशी जावेसे वाटतेच.

ऋग्वेदात हा पसारा नाही. तेथील यम न्यायाधीश नव्हे. परलोकाची वाट प्रथम शोधणारा तो पूर्वज आहे. दुष्टांना अंधाऱ्या गर्तेत ढकलण्याची प्रार्थना सातव्या मंडलात आहे, पण त्या गर्तेत यातनांची वर्गवारी नाही.

शतपथ ब्राह्मणातील भृगूची कथा मला या संदर्भात फार महत्त्वाची वाटते. ज्ञानाचा गर्व झालेल्या या मुलाला वरुण दिशादिशांना पाठवतो. तेथे माणसे माणसांना तोडत आहेत, खात आहेत. कारण विचारता उत्तर मिळते: यांनी आम्हाला तसेच केले होते. ती तोडणारी माणसे म्हणजे येथील वृक्ष, पशू, वनस्पती, पाणी. येथे यमदूत नाहीत, निवाडा नाही. केवळ परतफेड आहे. पण कथा एवढ्यावर थांबत नाही. वरुण लगेच उपाय सांगतो: अग्निहोत्र. भय आणि त्याचा उतारा एकाच प्रकरणात जन्मले आहेत.

मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायातील २१ नरकांची यादी कोणासाठी आहे, हे सहसा कोणी पाहत नाही. शास्त्र मोडणाऱ्या लोभी राजाकडून दान घेणाऱ्यासाठी ती आहे. म्हणजे नरक हे पुरोहितांनी केवळ इतरांना घातलेले भय, हा सरधोपट निष्कर्षही पुरा पडत नाही.

खरी अडचण तर्काची आहे. कर्माचे फळ पुढील जन्मी मिळतेच, तर नरक कशाला? मनूच्या बाराव्या अध्यायात तोड निघते: आधी दीर्घकाळ नरक, मग हीन योनी. एका अपराधाला दोन शिक्षा! दोन वेगळ्या कल्पनांचा हा सांधा आहे, आणि तो नीट बसलेला नाही.

तरीही नरक टिकला; वैतरणी तरून जाण्यासाठी गोदान आले. गरुडपुराण तर आपल्याकडे सुतकाच्या दिवसांतच वाचतात. ज्याच्या पापांचा हिशेब व्हायचा तो गेलेला असतो. ऐकत बसलेली असते त्याची मुलगी, आणि तिच्यासमोर त्या मार्गावरील एकेक यातना, वडिलांचाच प्रवास म्हणून, वाचली जात असते.