रक्तदाब: चढलेला आणि उतरविलेला

रक्तदाब चढला म्हणजे भय असते, हे आपण सर्व जाणतो. परंतु औषधाने तो फाजील उतरला म्हणजेही सावध राहावयास हवे, हे वैद्यकाला अनुभवानेच शिकावे लागले.

१८९६ साली इटलीत रीवा-रोच्ची यांनी दंडाला बांधावयाच्या पट्ट्याची युक्ती काढली. १९०५ साली रशियात कोरोत्कोव्ह यांनी धमनीतील आवाज ऐकून वरचा व खालचा आकडा मोजण्याची रीत दाखविली. मोजमाप हाती आले. खात्रीचे औषध मात्र नव्हते. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी सर्पगंधेचे अनुभव ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केले, तेव्हा आपल्याकडील या जुन्या वनस्पतीकडे जगाचे लक्ष वळले.

त्याच सुमारास हेक्झामेथोनियम हे जोरकस औषध आले. न्यूझीलंडमधील डनेडिन येथे होरेस स्मर्क यांनी ते रोग्यांना दिले. दाब उतरला, पण निजलेला मनुष्य उभा राहिला की रक्त पायांकडे साठे, मेंदूला कमी पडे आणि त्याला घेरी येई. धडा असा मिळाला, की औषधाची मात्रा ठरविताना उभ्या माणसाचाही दाब पाहिला पाहिजे.

मग औषध एकदम सोडले तर? १९६६ साली युरोपात आलेल्या क्लोनिडिनने त्याचेही उत्तर दिले. गोळी अकस्मात बंद करणाऱ्यांचा दाब एकदोन दिवसांतच उसळून वर जाई. प्रोप्रानोलॉलसारखी औषधे हृदयविकाराच्या रोग्याने एकाएकी सोडली, तर छातीत कळा येतात, कधी झटकाही येतो, हेही पुढे दिसून आले.

या इतिहासाचे तात्पर्य आपल्या घरातले आहे. यंत्राने ९०/६० पेक्षा कमी आकडा दाखविला, तर पाच मिनिटे स्वस्थ बसून पुन्हा मोजावा. मग उभे राहून मोजावा. उभे राहताच वरचा आकडा २० किंवा अधिक घसरला, किंवा घेरी येऊ लागली, तर बसावे अथवा आडवे व्हावे. उन्हाळ्यात घाम फार गेला, जुलाब-वांत्या झाल्या, तर नेहमीचीच मात्रा जड होऊ शकते. अशा वेळी पुढची गोळी घेण्यापूर्वी त्याच दिवशी डॉक्टरांना आकडे सांगून विचारावे. कोणती गोळी कमी करावयाची, कोणती थांबवावयाची, हे त्यांनी ठरवावे. शुद्ध हरपली, छातीत दुखले किंवा बोलण्यात भ्रम दिसला, तर मात्र वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

दाब खाली आणण्याची विद्या मोठी खरी. पण तो कोठे थांबवावा हे कळण्यातच तिची पूर्तता आहे.